लेकीची नाडी झोपेतही १०४ : टाइप १ मधुमेह, मुलांच्या नसा आणि हृदयाचे ठोके

विश्रामबागची_आई
सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार. गेली तीन-चार वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी लेक तेरा वर्षांची. सहाव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला, शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही तो. तेव्हापासून दिवसाला चार सुया, जेवणाआधीच्या तीन आणि रात्रीची लांब चालणारी एक. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि वीज गेली, तेव्हा इन्सुलिन डबीत घालून माठात ठेवून आम्ही ते दिवस काढले. सांगायचं कारण, या दुखण्याशी आमची ओळख जुनी आहे. तरी या वर्षी जे कळलं ते सात वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

मे महिन्यात तिचा मामेभाऊ सुट्टीला आला होता. त्याचं ठोके मोजणारं घड्याळ हिने हौसेने दोन रात्री हाताला बांधून ठेवलं. सकाळी बघते तर रात्रभरात सगळ्यात कमी आकडा १०१. घड्याळ स्वस्तातलं, चुकत असेल म्हणून सोडून दिलं. पण मनातून जाईना. तिसऱ्या रात्री दोन वाजता उठले, तिच्या मनगटावर बोटं ठेवली, भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजलं. १०४. पोर गाढ झोपलेली. शुगर पाहिली, १६२. म्हणजे लो नव्हती. ताप नाही, घाम नाही.

मग मागच्या गोष्टी आठवायला लागल्या. जानेवारीपासून ती खेळाच्या तासाला मैदानाला दोन फेऱ्या मारून बसायची. सर म्हणाले, आळशी झालीय. अंथरुणातून उठल्यावर क्षणभर दाराची चौकट धरायची. मी म्हणायचे, रात्री उशिरा झोपतेस म्हणून. आता वाईट वाटतं.

इथल्या एका डॉक्टरांना आधी दाखवलं. ते म्हणाले, मुलांची नाडी जलदच असते, तुम्ही घाबरट आहात. समाधान झालं नाही म्हणून मिरजेला मुलांच्या मधुमेहाचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाऊण तास दिला. ईसीजी काढला, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं, पायाला नायलॉनचा दोरा टोचून पाहिला, घोट्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा ठेवून "थरथर कधी थांबते ते सांग" असं विचारलं. आणि एक तपासणी अशी केली जी मी कधी ऐकलीही नव्हती. तिला झोपवून ईसीजीच्या तारा लावल्या आणि मिनिटात सहा श्वास घ्यायला लावले, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. श्वास घेताना ठोके किती वाढतात आणि सोडताना किती कमी होतात ते कागदावर मोजलं. मग उभं करून पुन्हा.

निकाल असा : हिमोग्लोबिन ९.८. थायरॉईड ठीक. पाय ठीक. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.६. आणि श्वासाबरोबर ठोक्यांत पडणारा फरक तिच्या वयाच्या मानाने कमी. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला सूचना देणाऱ्या नसांवर थोडा परिणाम दिसायला लागलाय. थोडं रक्त कमी असल्यामुळेही आहे. आधी रक्त भरून काढू, शुगर सावरू, सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

घरी येऊन मी रडले. नंतर वही काढून सगळं लिहून काढलं. इथे कुणाची मुलं या वाटेने गेली आहेत का? आणि हे "हृदयाच्या नसा" प्रकरण नेमकं काय आहे, कुणी नीट समजावून सांगेल का?


कोरेगावकर
सोमवार, रात्री ११.०५

ताई, वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा पाच वर्षांचा, आठच महिने झालेत निदान होऊन. आता मी पण नाडी मोजायची का रोज? आम्ही सातारा जिल्ह्यात, कोरेगावजवळ राहतो.


बालवैद्य_कराड
मंगळवार, सकाळी ७.१०

मी कराडला बालरोगतज्ज्ञ आहे. न तपासता इथून कुणाचं निदान करणार नाही, पण विषय समजावून सांगतो. ताई, तुम्ही मध्यरात्री उठून पूर्ण मिनिट नाडी मोजलीत, हे फार मोलाचं केलंत.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे "नस" म्हटलं की लोकांना रक्ताची शीर आठवते. इथे नस म्हणजे मज्जातंतू, मेंदूचा निरोप अवयवांपर्यंत नेणारी तार. पायाला मुंग्या आणणारे तंतू वेगळे आणि आपल्या इच्छेशिवाय काम चालवणारे वेगळे. हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, पोटाची हालचाल, बुबुळाचं आकुंचन हे सगळं या दुसऱ्या, स्वायत्त तंतूंकडे असतं.

हृदयाला स्वतःची लय असते. सगळ्या तंतूंचा प्रभाव काढून टाकला तर मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला शंभराच्या आसपास धावेल. प्रत्यक्षात आपली नाडी ७०-७५ असते, कारण मेंदूतून निघून मानेतून छातीत आणि पोटात उतरणारा व्हेगस नावाचा तंतू त्याला सतत आवरून धरतो. बैलाचा कासरा धरतात तसा. धावायची वेळ आली की मेंदू कासरा सैल करतो आणि दुसरीकडून हाकारणारे तंतू कामाला लागतात.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की तंतूंना आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. साधारणपणे लांब तंतू आधी बाधतात. म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून वर सरकतो, आणि म्हणूनच लांबलचक व्हेगसला झळ लवकर लागते. कासरा सैल पडतो. सुरुवातीला नाडी वाढलेलीही नसते, फक्त तिचं लवचिकपण कमी होतं. विश्रांतीतली नाडी वाढणं ही पुढची पायरी. उभं राहिल्यावर रक्तदाब कोसळणं हे आणखी पुढचं, मुलांत क्वचित दिसणारं.

आता पालकांना उलटी वाटणारी एक गोष्ट. निरोगी मुलाची नाडी घड्याळाच्या टिकटिकीसारखी एकसारखी नसते. श्वास घेताना ती भरभर होते, सोडताना मंदावते. कित्येक पालक "ठोके अनियमित आहेत" म्हणून घाबरून येतात आणि मी त्यांना सांगतो की हेच व्हेगस जागा असल्याचं लक्षण. मधुमेही मुलाची नाडी फार एकसारखी झाली तर मी जास्त लक्ष देतो.

ताईंच्या मुलीला जे सहा श्वास घ्यायला लावले, ती तपासणी १९७० च्या दशकात एडिंबरामध्ये डेव्हिड युइंग आणि सहकाऱ्यांनी रुळवलेल्या पाच तपासण्यांपैकी एक. मोठ्यांमध्ये श्वास घेताना आणि सोडताना ठोक्यांचा फरक मिनिटाला १५ किंवा जास्त असला तर ठीक, १० किंवा कमी असला तर बिघाड धरतात. मुलांत हा फरक मुळातच जास्त असतो, म्हणून मोठ्यांचा आकडा त्यांना लावून निर्धास्त होऊ नये. यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. साधं ईसीजी मशीन, सेकंदकाटा आणि वेळ देणारा माणूस पुरतो.

हे किती मुलांत असतं? अमेरिकेत सर्च नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला आकडा असा की सरासरी आठ वर्षं मधुमेह असलेल्या टाइप १ च्या तरुण मुलांत १४.४ टक्क्यांमध्ये हृदयाच्या तंतूंचा बिघाड सापडला आणि ८.५ टक्क्यांमध्ये पायांच्या. यातल्या बहुतेकांना स्वतःला काही जाणवत नव्हतं. म्हणून लक्षणांची वाट पाहणं बरोबर नाही.

कोरेगावकर, तुमच्या मुलाची रोज नाडी मोजू नका. आंतरराष्ट्रीय बालमधुमेह संघटनेची शिफारस अशी की वय ११ झालं आणि मधुमेहाला दोन ते पाच वर्षं झाली की डोळे, मूत्रपिंड आणि नसांची वार्षिक तपासणी सुरू करावी. पाच वर्षांच्या मुलाची जागेपणीची नाडी शंभराच्या वर असणं अगदी सामान्य आहे. सध्या तुमचं काम एकच, शुगर सांभाळणं आणि मूल हसतं ठेवणं.


हरिपूरचा_हरी
मंगळवार, सकाळी ८.३०

डॉक्टरसाहेब, लई चांगलं समजावलं. कासऱ्याचं तर आमच्यासारख्याला लगेच कळलं.


वालचंदचा_पोरगा
मंगळवार, दुपारी १.४५

मी २४ वर्षांचा, नवव्या वर्षापासून टाइप १. सांगलीत वालचंदला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात नोकरी.

ताई, तुमच्या लेकीला एक गोष्ट आवर्जून विचारा : लो होताना तिला कळतं का? हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, या खुणा याच स्वायत्त तंतूंमुळे आणि त्यांनी सोडलेल्या अ‍ॅड्रेनलिनमुळे येतात. माझ्या बाबतीत दुसऱ्या वर्षाला असताना या खुणाच गायब झाल्या. हॉस्टेलवर रात्री सबमिशनचं काम करत बसलो होतो, रूममेट म्हणाला तू एकच ओळ परत परत लिहितोयस. मोजली तर ३८. अंगाला घामाचा थेंब नाही. त्याने साखर घोळून पाजली म्हणून आज लिहितोय.

मला वाटलं हृदयाच्या नसा गेल्या. तपासण्या केल्या तर त्या सगळ्या ठीक आल्या. डॉक्टरांनी सांगितलं, वारंवार लो झाल्यावर शरीर त्या खालच्या पातळीला सरावतं आणि धोक्याची घंटा वाजवणं सोडून देतं. उपाय विचित्र वाटला, पण लागू पडला. तीन-चार आठवडे शुगर मुद्दाम थोडी वर ठेवायची, एकही लो होऊ द्यायची नाही. महिन्याभराने एका दुपारी हात थरथरला आणि मोजली तर ६६. त्या थरथरीचा मला केवढा आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणजे लो न कळण्याची कारणं दोन असू शकतात, आणि त्यातलं एक परत फिरवता येतं. ताईंनी दोन्हीची विचारणा करावी.


विश्रामबागची_आई
मंगळवार, रात्री ९.५०

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. वहीत सगळं उतरवून घेतलं, लेकीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते ना?" मला पुढे बोलता येईना.

दादा, तुझा प्रतिसाद वाचून तिला विचारलं. ७० च्या खाली गेलं की तिला कळतं, हात थरथरतात. एवढं तरी बरं.

आता जे कालच्या पोस्टमध्ये लिहिलं नाही ते लिहिते. ९.६ का झालं, याचं उत्तर आम्हाला मिरजेला मिळालं. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं. सहावीत शाळा बदलल्यापासून ती दुपारची सुई घेतच नव्हती. नव्या शाळेत वर्गात सुई काढायला मनाई, स्टाफरूममध्ये कुणी आत घेईना, म्हणून ती स्वच्छतागृहात जाऊन टोचायची. एकदा मुलींनी दार वाजवून चिडवलं. त्या दिवसापासून दुपारची सुई बंद. डबा मात्र खायची, नाहीतर घरी प्रश्न आले असते. वहीत आकडे मनाने लिहायची. जवळपास दोन वर्षं रोज दुपारी दोन ते संध्याकाळपर्यंत माझ्या लेकीची शुगर तीनशेच्या वर राहिली आणि मी संध्याकाळचा डोस वाढवत बसले.

शिवाय मांडीवर एकाच जागी टोचून टोचून तिथे मऊ गाठ तयार झाली होती. तिथे दुखत नाही म्हणून मुलं तीच जागा धरतात. त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, कधी उशिरा जातं, कधी एकदम. मी सात वर्षं आकडे बघितले, मांडीवर हात फिरवून कधी बघितलं नाही.

तिला रागावले नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.


गुरुजी_खानापूर
बुधवार, सकाळी ६.३०

मी खानापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ताईंची दुसरी पोस्ट वाचून मान खाली गेली. आमच्या पेशाच्या वतीने माफी मागतो.

शाळेशी बोलायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. डॉक्टरांचं पत्र घ्या, त्यात दुपारच्या डोसची वेळ, लो झाल्यावर काय द्यायचं आणि मोबाईल नंबर असू द्या. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र पाठवून सांगितलं आहे की टाइप १ असलेल्या मुलांना शाळेत शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि मधल्या वेळी खायला मुभा द्यावी. सीबीएसईने २०१७ पासून परीक्षेच्या हॉलमध्येही खाऊ नेऊ दिला आहे. ही माहिती मुख्याध्यापकांसमोर ठेवली की सहसा विरोध मावळतो. त्यांना भीती असते ती "आमच्या हातून काही झालं तर?" याची. ती भीती खरी आहे, ती समजून घेऊन बोला.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. पहिल्या आठवड्यात मी सगळ्या पोरांसमोर त्याला ग्लुकोमीटर दाखवायला लावला. पोरांनी रांग लावली, गुरुजी माझी पण बघा. त्यानंतर त्याची सुई ही वर्गातली साधी गोष्ट झाली. लो झाला तर साखर कुठल्या कपाटात आहे हे पोरांना माझ्या आधी ठाऊक असायचं.


निसर्गमित्र६२
बुधवार, सकाळी १०.१५

एवढा धागा वाचला, पण कुणी मुळावर बोलत नाही. आमच्या शेजारच्या मुलाला जांभूळ बी आणि कडू काढा दिला, दोन महिन्यांत सुई निम्म्यावर आली. आयुष्यभर सुया टोचून नसा जाणारच.


बालवैद्य_कराड
बुधवार, दुपारी २.२०

निसर्गमित्र, तुमचा हेतू चांगला आहे हे मानतो, पण याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवणार नाही. कारण या समजुतीपायी बेशुद्धावस्थेत आणलेली मुलं मी पाहिली आहेत.

टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. निदान होऊन सुया सुरू झाल्या की उरलेल्या थोड्या पेशींना विसावा मिळतो आणि काही आठवडे, कधी काही महिने, त्या पुन्हा थोडं काम करतात. इन्सुलिनची गरज निम्म्यावर, क्वचित त्याहूनही खाली येते. याच काळात जो काढा चालू असतो त्याला श्रेय मिळतं. पुढे त्या पेशीही जातात. तोवर घरच्यांनी सुई बंद केली असेल तर रक्तात आम्ल साठतं, उलट्या, पोटदुखी, खोल धापा सुरू होतात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी टाइप १ झालेलं मूल जगत नसे.

आणि नसा सुयांनी जात नाहीत. उलट झालेलं आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ च्या १४४१ जणांवर, त्यात १३ वर्षांपुढची मुलंही होती, डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला. रोज तीन-चार वेळा इन्सुलिन घेऊन शुगर काटेकोर ठेवणाऱ्या गटात नसांचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची शुगर पुढे सारखीच होत गेली, तरी आधी काटेकोर राहिलेल्यांना तेरा-चौदा वर्षांनीही हृदयाच्या तंतूंच्या बाबतीत फायदा टिकून होता. लहानपणी सांभाळलेली वर्षं शरीर विसरत नाही.

ताईंसाठी दोन गोष्टी. एक, लोहाची कमतरता असली की एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडं जास्त येऊ शकतं. रक्त भरून आल्यावरचा आकडा जास्त खरा धरा. टाइप १ च्या मुलात रक्त कमी आढळलं की गव्हातल्या ग्लुटेनच्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणीही करून घ्यावी, तो टाइप १ बरोबर येतो.

दोन, घाई करू नका. घाबरलेले पालक साडेनऊचं साडेसहा दोन महिन्यांत करायला निघतात. साखर फार झपाट्याने उतरवली, म्हणजे तीन महिन्यांत एचबीए१सी दोन अंकांपेक्षा जास्त, तर नसांच्या तीव्र वेदना आणि उभं राहिल्यावर चक्कर उलट सुरू होऊ शकते. हळूहळू उतरा. सात हे मुक्कामाचं गाव समजा.


आबा_कवठेमहांकाळ
बुधवार, रात्री ८.००

माझा मधुमेह म्हातारपणचा, पोरांसारखा न्हाई. पण पायाचं सांगतो. पंधरा वर्सं शुगर बघितलीच न्हाई. द्राक्षबागंत अनवाणी हिंडायचो. एकदा संध्याकाळी पाय धुताना बायको वरडली, टाचंत खिळा घुसलेला. मला पत्ताच न्हवता. तीन महिने ड्रेसिंग, एक बोट गेलं. पोरांचं पाय रोज बघत जावा. दुखत न्हाई म्हंजे बरं हाय, असं धरू नगा.


मिरज_ईसीजी
गुरुवार, सकाळी ११.४०

मी मिरजेत ईसीजी काढण्याचं काम करते. पालकांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

या तपासणीला मुलं उपाशी किंवा नुकतीच लो होऊन आली तर आकडे बिघडतात. त्या सकाळी चहा-कॉफी नको, आदल्या संध्याकाळी दमवणारा खेळ नको, ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. मूल रडलं किंवा घाबरलं तरी नाडी वर जाते, म्हणून मी आधी दहा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगते आणि एकदा श्वासाची रंगीत तालीम घेते. उभं राहण्याच्या तपासणीत आम्ही साधारण पंधराव्या ठोक्याच्या आसपासचं दोन ठोक्यांमधलं सगळ्यात कमी अंतर आणि तिसाव्याच्या आसपासचं सगळ्यात जास्त अंतर मोजतो. उठल्याबरोबर हृदय पळतं आणि मग सावरतं, ते सावरणं कागदावर दिसावं लागतं.

घरी मोजायचं तर सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, पूर्ण साठ सेकंद, लागोपाठ तीन दिवस. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ताईंच्या मुलीच्या वयाला जागेपणी ६० ते १०० आणि झोपेत ५० ते ९० च्या दरम्यान नाडी अपेक्षित असते. हातातल्या घड्याळाचा आकडा शंका घ्यायला ठीक आहे, निदानाला नाही.


बालवैद्य_कराड
गुरुवार, दुपारी ३.१०

ईसीजीवाल्या ताईंनी छान लिहिलं. एवढंच जोडतो : नाडी जलद आणि त्याबरोबर शुगर खूप वर, उलट्या, पोटात दुखणं किंवा खोल श्वास असतील तर हा धागा बंद करून थेट दवाखाना गाठायचा. ती नसांची गोष्ट नसते, रक्तातलं आम्ल असतं, आणि तिथे तास मोलाचे असतात. ताप, रक्त कमी, थायरॉईड वाढलेलं, लो, यांनीही नाडी वाढते. नसांवर खापर फोडण्याआधी ही सगळी दारं ठोठावायची. आणि ज्या मुलांत हा बिघाड सापडला आहे त्यांचं कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण भुलेखाली रक्तदाब आणि ठोके अचानक बदलू शकतात.


विश्रामबागची_आई
पाच महिन्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.१५

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून धागा वर आणतेय.

मुख्याध्यापिका बाईंना डॉक्टरांचं पत्र घेऊन भेटलो. गुरुजींनी सांगितलं तसंच झालं, त्यांना भीतीच होती. आता दुपारची सुई ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, ग्रंथपाल मावशींच्या टेबलाशी होते. त्यांच्या ड्रॉवरमध्ये साखरेची डबी आणि बिस्किटं ठेवली आहेत. पहिल्या दिवशी लेकीबरोबर तिच्या दोन मैत्रिणी सोबतीला गेल्या.

सिलिअ‍ॅकची तपासणी निगेटिव्ह आली. लोहाच्या गोळ्या चार महिने दिल्या, हिमोग्लोबिन १२.१ झालं. मांडीची ती जागा पूर्ण बंद, पोट आणि दुसरी मांडी आलटून पालटून. गाठीबाहेर टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडायला लागला आणि पहिल्या आठवड्यात दोनदा लो झाली. ज्यांना जागा बदलायची आहे त्यांनी डोसबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, आम्ही विचारलं नव्हतं.

एचबीए१सी ८.१. सकाळची अंथरुणातली नाडी आता ८८ ते ९२. गेल्या आठवड्यात मिरजेला पुन्हा सहा श्वासांची तपासणी झाली. फरक मागच्यापेक्षा थोडा वाढलाय. डॉक्टर म्हणाले, किती सुधारणा रक्त वाढल्याची आणि किती नसांची ते आताच सांगता येणार नाही, पण दिशा बरोबर आहे. नसांसाठी वेगळी गोळी दिलेली नाही, तशी हा बिघाड मोडून काढणारी गोळी नाही म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा.

मैदानाला परवा पाच फेऱ्या मारल्या. घरी येऊन बूटही न काढता सांगत होती.


कोरेगावकर
रविवार, रात्री ९.३०

ताई, वाचून फार बरं वाटलं. आमचा पिल्लू आता सहाचा झाला. तुम्ही सांगितल्यापासून रोज अंघोळीच्या वेळी त्याच्या मांडीवर हात फिरवून बघते, गाठ नाही. पुढच्या महिन्यात त्याला मिरजेला दाखवायला आणायचं ठरवलंय. कोरेगावहून सकाळच्या गाडीने निघालो तर पोहोचेपर्यंत त्याचं खाणं आणि सुई कशी बसवायची?


विश्रामबागची_आई
रविवार, रात्री १०.००

गाडीत सुई देऊन मग खायला उशीर झाला असं होऊ देऊ नका. घरीच नेहमीच्या वेळेला सुई आणि नाश्ता उरकून निघा. मीटर, पट्ट्या, साखर आणि बिस्किटाचा पुडा तुमच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा, वरच्या फळीवरच्या बॅगेत नको. इन्सुलिनही जवळच, पण खिडकीच्या उन्हात नको. निघायच्या आधी एकदा आणि मिरज स्टेशनला उतरल्यावर एकदा शुगर बघा. गाडी कुठली ते कळवा, मी स्टेशनवर येते.